बालदम्याची काळजी आणि ना नफा संस्थांचे कार्य : अमेरिकेतील अनुभवाचा परामर्श

प्रस्तावना

दमा हा बालवयात सर्वाधिक आढळणाऱ्या दीर्घकालीन आजारांपैकी एक होय. त्यावरील परिणामकारक औषधे अनेक दशकांपासून उपलब्ध आहेत. तरीही गरीब वस्त्यांतील मुले वारंवार धाप लागून रुग्णालयात दाखल होतात, शाळेचे दिवस गमावतात आणि क्वचित प्राणासही मुकतात. औषध उपलब्ध असूनही असे का घडते, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील काही ना नफा संस्थांनी दवाखान्याच्या बाहेर, म्हणजे शाळेत आणि घरात शोधले. या संस्थांच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट करणे आणि ते टिकून राहण्यातील मुख्य अडचण दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आजाराचे स्वरूप

दम्यामध्ये श्वासनलिकांना कायमचा दाह असतो. धूळ, धूर, बुरशी, झुरळांचे अवशेष, सर्दीचे विषाणू अशा कारणांनी तो भडकला की नलिका आकुंचन पावतात व मुलाला श्वास सोडणे कठीण होते. उपचारात दोन प्रकारची औषधे वापरली जातात. साल्ब्युटामॉलसारखे औषध काही मिनिटांत नलिका मोकळ्या करते. परंतु मूळ दाह कमी करीत नाही. दाह कमी करण्यासाठी श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड नियमितपणे वापरावे लागते. त्याचा परिणाम तत्काळ जाणवत नाही. त्यामुळे मुलाला बरे वाटू लागले की पालक ते बंद करतात आणि पुढचा झटका अनपेक्षितपणे येतो. अर्थात, येथे केवळ औषधाची चिठ्ठी पुरेशी नसते. इन्हेलर कसा वापरावा, कोणते औषध केव्हा घ्यावे आणि घरातील कोणत्या गोष्टीमुळे त्रास वाढतो, हे कुटुंबाला कोणीतरी सावकाश समजावून सांगावे लागते. दवाखान्यातील थोड्या वेळात हे क्वचितच घडते.

शाळा : हक्काचा प्रश्न

नॅन्सी सँडर या दमाग्रस्त मुलीच्या आईने १९८५ मध्ये ‘मदर्स ऑफ अस्थमॅटिक्स’ ही संस्था स्थापन केली. आज ती ‘अ‍ॅलर्जी अँड अस्थमा नेटवर्क’ या नावाने ओळखली जाते. पालकांना माहिती पुरविण्यापासून सुरू झालेले तिचे कार्य पुढे धोरणात्मक मागणीपर्यंत पोहोचले. शाळेत औषधे बाळगण्यास मनाई असल्याने अनेक मुलांचे इन्हेलर कार्यालयात कुलूपबंद राहत. झटका आलेल्या मुलाला तेथवर जाण्यात लागणारी मिनिटेही घातक ठरू शकतात. या व अन्य संस्थांच्या पाठपुराव्यानंतर २००४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. विद्यार्थ्यांना इन्हेलर स्वतःजवळ बाळगू देणाऱ्या राज्यांना दमाविषयक अनुदानात प्राधान्य देण्याची तरतूद त्यात होती. आज तेथील सर्व ५० राज्यांत विद्यार्थ्यांना ही मुभा आहे. येथे संस्थेने नवे औषध दिले नाही. असलेले औषध मुलाच्या खिशात पोहोचविले.

घर : हार्लेम आणि बोस्टन

शाळेपेक्षा घराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आठ शहरांतील ४७६ दमाग्रस्त मुलांच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, ज्यांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती व ज्यांच्या झोपण्याच्या खोलीत झुरळांचे अवशेष अधिक होते, त्या मुलांना इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले. म्हणजेच गळके छत, ओल्या भिंती व कीटक या घरदुरुस्तीच्या बाबी आरोग्याच्याही बाबी ठरतात.

न्यूयॉर्कमधील ‘हार्लेम चिल्ड्रन्स झोन’ या संस्थेने २००१ मध्ये हार्लेम हॉस्पिटल व अन्य सहकाऱ्यांसमवेत दमाविषयक उपक्रम हाती घेतला. तपासणीत परिसरातील चारपैकी एकाहून अधिक मुलांत दमा अथवा तत्सम लक्षणे आढळली. वैद्यकीय मदतीबरोबरच घरभेटी, आरोग्यशिक्षण व कायदेविषयक साहाय्यही देण्यात आले. घरमालक दुरुस्ती करीत नसेल, तर भाडेकरू कुटुंबाला वकिलाची मदत डॉक्टरांइतकीच उपयोगी पडते, ही जाणीव त्यामागे होती.

ना नफा तत्त्वावर चालणाऱ्या बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलने २००५ मध्ये असाच उपक्रम सुरू केला. झटक्यामुळे रुग्णालयात आलेल्या मुलांच्या घरी परिचारिका किंवा वस्तीतीलच आरोग्यसेविका जात. गादी-उशांची घट्ट विणीची आवरणे, सूक्ष्म गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर आणि कीटकनियंत्रणाचे साहित्य पुरविले जाई. २८३ मुलांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात आपत्कालीन विभागात येणाऱ्या मुलांचे प्रमाण ६८ टक्क्यांनी व दाखल होणाऱ्यांचे सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. शाळा बुडण्याचे प्रमाणही कमी झाले.

हे आकडे वाचताना सावधगिरी आवश्यक आहे. आजार तीव्र असताना निवडलेली मुले काही काळाने आपोआपही काहीशी सुधारतात. त्यामुळे संपूर्ण घट उपक्रमाचीच मानता येत नाही. मात्र संशोधकांनी खर्चाची तुलना लगतच्या समान वस्त्यांशी केली होती. तीनुसार खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे १.४६ डॉलरची बचत झाली.

बचत कोणाची?

खरा पेच येथेच आहे. घरभेटीचा खर्च संस्था करते. बचत मात्र विमा देणाऱ्याची होते. इतकेच नव्हे, तर मुले दाखल होत नाहीत म्हणून रुग्णालयाचे उत्पन्नही घटते. म्हणजे काम जितके यशस्वी, तितका ते करणाऱ्याचा तोटा अधिक. देणगी किंवा अनुदान ही दरी काही वर्षे भरून काढते. मुदत संपली की आरोग्यसेविकेचे पद संपते आणि दमा मात्र तसाच राहतो. अल्प उत्पन्न गटासाठी असलेल्या ‘मेडिकेड’ या शासकीय विमा योजनेचा नियम २०१३ मध्ये बदलण्यात आला. परवानाधारक वैद्यकाची शिफारस असल्यास प्रतिबंधात्मक सेवा आरोग्यसेविकेने दिली तरी मोबदला देण्याची मुभा २०१४ पासून राज्यांना मिळाली. परंतु ही मुभा आहे, बंधन नाही.

समारोप

भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-सूचीत दम्यासारख्या श्वसनविकाराचा समावेश आहे. साल्ब्युटामॉल व ब्युडेसोनाइड हे इन्हेलर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तपासणी व औषध या दोन पायऱ्या त्यामुळे मान्य झालेल्या आहेत. वरील अनुभव तिसऱ्या पायरीकडे, म्हणजे घरापर्यंतच्या पाठपुराव्याकडे, लक्ष वेधतो. ना नफा संस्था मार्ग शोधू शकतात, तो उपयुक्त असल्याचे सिद्धही करू शकतात. परंतु त्या मार्गावरून रोज चालणाऱ्या आरोग्यसेविकेचे वेतन कायमस्वरूपी कोण देणार, हे सार्वजनिक व्यवस्थेलाच ठरवावे लागते. ते ठरत नाही, तोवर प्रत्येक यशस्वी प्रकल्प हा केवळ यशस्वी प्रकल्पच राहतो.