आजोबांच्या १४० कॅसेट आणि ‘अननोन आर्टिस्ट’: शास्त्रीय संगीताचा संग्रह फोनमध्ये नीट कसा लावायचा?

आमच्या रत्नागिरीच्या घरी आजोबांच्या १४० कॅसेट आहेत. काही विकतच्या, पण बऱ्याचशा रेडिओवरून भरलेल्या. आकाशवाणीचा अखिल भारतीय संगीत कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. शनिवारी रात्री आजोबा त्यासाठी टेपरेकॉर्डर तयार ठेवून बसायचे. कोकणातल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, म्हणून गेल्या वर्षी मी त्या डिजिटल करायला घेतल्या. पहिल्या दहा कॅसेट फोनमध्ये टाकल्या आणि प्लेअरमध्ये काय दिसलं? ‘अननोन आर्टिस्ट, ट्रॅक ०१’. दहाही वेळा!

अडचण कुठे आहे?

एमपी३ फाइलच्या आत गाण्याची माहिती ठेवायला आयडी३ नावाचे टॅग असतात: शीर्षक, कलाकार, अल्बम, प्रकार वगैरे. हे खाने फिल्मी किंवा पॉप गाण्यांना बरोबर बसतात. पण राग कुठे लिहायचा? ताल? तबल्यावर कोण होतं ते? त्यासाठी प्लेअरमध्ये जागाच नसते.

शझामसारखं अॅप इथे उपयोगी पडत नाही. ते डेटाबेसमध्ये असलेलं नेमकं तेच रेकॉर्डिंग ओळखतं, राग ओळखत नाही.

आधी यादी, मग टॅग

मी गूगल शीट्समध्ये हे रकाने केले:

१. कॅसेट क्रमांक आणि बाजू (उदा. ०१७-ब)
२. गायक किंवा वादक
३. राग
४. ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द
५. साथीदार
६. कुठून मिळालं: विकतची, रेडिओ की मैफल
७. हे कशावरून कळलं?

सातवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मला उशिरा सुचला. एका कॅसेटवर आजोबांच्याच अक्षरात ‘बागेश्री’ लिहिलं होतं, मी तसंच टाइप केलं. आजोबांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, “अगं, गंधार ऐक ना. शुद्ध लागतोय. बागेश्रीत कोमल असतो. हा रागेश्री आहे, जुन्यावर मीच दुसरं भरलं असणार.” तेव्हापासून सातव्या रकान्यात मी ‘लेबल’, ‘निवेदन’ किंवा ‘आजोबांनी ऐकून’ असं लिहिते. लेबल चुकू शकतं, हे पुढच्या माणसाला कळायला हवं.

जुन्या रेकॉर्डचे संग्राहकही असंच करतात. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थांच्या मंडळींच्या याद्यांमध्ये गायकाच्या नावाइतकंच रेकॉर्डच्या क्रमांकाला महत्त्व असतं. नावाचं स्पेलिंग दहा प्रकारे होतं, क्रमांक बदलत नाही.

टॅग कसे भरायचे?

कॉम्प्युटरवर एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा. दोन्ही चांगली आहेत. माझी विभागणी अशी:

• शीर्षक: राग आणि बंदिशीचे शब्द
• कलाकार: मुख्य गायक
• अल्बम: कॅसेट क्रमांक
• प्रकार: ख्याल, ठुमरी, नाट्यगीत
• कॉमेंट: ताल, साथ, ‘कशावरून कळलं’

मराठीत लिहिताना टॅगची आवृत्ती तपासा. जुन्या आयडी३ व्ही१ मध्ये शीर्षकाला फक्त ३० बाइट्स मिळतात, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट्स घेतं. म्हणजे दहा चिन्हांत खेळ खल्लास! (काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात.) आयडी३ व्ही२.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, म्हणजे अक्षरांऐवजी चौकोन दिसायची शक्यता खूप कमी होते. एका रागाचं एकच स्पेलिंग ठरवा, नाहीतर बागेश्री, बागेसरी आणि बागेश्वरी असे तीन राग यादीत दिसतील.

जागा आणि वेळ

९० मिनिटांची कॅसेट डब्ल्यूएव्हीमध्ये सुमारे ९५० एमबी होते, १९२ केबीपीएस एमपी३ मध्ये सुमारे १३० एमबी. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा (आवाज तसाच, जागा बरीच कमी) आणि फोनसाठी एमपी३ करा. मूळ प्रतीच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी बाहेरची कॉपी पुण्याला भावाकडे आहे.

वेळ मात्र वाचत नाही. ९० मिनिटांची कॅसेट भरायला ९० मिनिटंच लागतात. १४० कॅसेट म्हणजे २१० तास. म्हणून क्रम लावा. मी आधी विकतच्या कॅसेट घेतल्या, कारण त्यांवर सगळं छापलेलं असतं आणि काम भराभर होतं. तीच माझी चूक. ती माहिती कुठे पळून जात नव्हती. आजोबांना आता ऐकू कमी येतं, तबलजी कोण ते पूर्वी ठेक्यावरून सांगायचे, हल्ली “नीट कळत नाही गं” म्हणतात.

तुमच्या घरी असा संग्रह असेल तर लेबल नसलेल्या कॅसेट आधी काढा, आणि ज्यांनी त्या भरल्या त्यांच्या शेजारी बसून ऐका. टॅग नंतरही भरता येतील.