विमान कंपनीत सुरक्षा कशी उभी राहते? कोरियन एअरची कथा

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला आहे. हज-उमराहला जाणारे वेगळेच. विमानाचे तिकीट काढताना आपण भाडे पाहतो, सामान किती किलो नेऊ देतील ते विचारतो आणि सुखरूप पोहोचण्याची बाब दुआवर सोपवतो. दुआ हवीच. पण उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवणही आपल्यालाच दिलेली आहे. विमान कंपनीत हा उंट कोण बांधतो आणि तो खरोखर बांधला आहे याची खात्री कोण करतो, हे समजून घेण्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात त्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

कोरियन एअर ही दक्षिण कोरियाची मोठी विमान कंपनी. १९९७ ते १९९९ या काळात तिला तीन जीवघेणे अपघात झाले. पहिला ६ ऑगस्ट १९९७ रोजी ग्वाम बेटावर. पावसाळी रात्री उतरणारे जंबो विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर आदळले आणि २५४ पैकी २२८ माणसे दगावली. उतरताना उंची दाखवणारी जमिनीवरची यंत्रणा त्या दिवशी बंद होती. ते वैमानिकांना आधीच कळवलेले होते. अमेरिकेच्या चौकशीत आढळले, की मुख्य वैमानिक थकलेला होता आणि यंत्रणा बंद असताना कसे उतरायचे याची नीट आखणी त्याने केली नाही. शेजारचा सहवैमानिक आणि मागे बसलेला फ्लाइट इंजिनिअर यांनी त्याची चूक वेळेत अडवली नाही. 'उतरणे सोडू या' असे सहवैमानिक म्हणाला, तेव्हा हातात काही सेकंदच उरले होते. आणखी एक गोष्ट चौकशीत निघाली. विमान फार खाली आल्यास कंट्रोलरला इशारा देणारी व्यवस्था ग्वामला होती, पण ती नको तेव्हा इशारे देते म्हणून मुद्दामच निष्क्रिय करून ठेवली होती. कारखान्यात सारखा वाजणारा भोंगा कंटाळून कोणी बंद करतो, तसाच हा प्रकार.

दुसरा अपघात १५ एप्रिल १९९९ चा, शांघायचा. व्यापाऱ्यांनी हा नीट लक्षात ठेवावा, कारण तो मापाचा घोळ आहे. जगात बहुतेक ठिकाणी विमानाची उंची फुटांत सांगतात, चीनमध्ये मीटरमध्ये. मालवाहू विमानाला १५०० मीटरवर जाण्याची परवानगी मिळाली. विमान त्या उंचीच्या जवळ पोहोचत असताना सहवैमानिकाने कॅप्टनला सांगितले, की १५०० फूट पाहिजे. आपण फार वर आलो असे समजून कॅप्टनने विमानाचे नाक खाली दाबले आणि ते पुन्हा सावरले नाही. विमानातले तिघे आणि जमिनीवरचे पाच जण मेले. गज आणि मीटरच्या घोळात आपले कापड वाया जाते, तिथे आठ जीव गेले.

तिसरा अपघात इंग्लंडमधील स्टॅनस्टेडचा, २२ डिसेंबर १९९९ चा. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनच्या समोरचे उपकरण आदल्या फेरीतच बिघडले होते. स्टॅनस्टेडला त्याची दुरुस्ती झाली, पण दोष गेला नाही. अंधारात विमान उडाले, कॅप्टनने ते डावीकडे वळवले. त्याच्या उपकरणात कल दिसेना, म्हणून तो वळवतच राहिला. दोन उपकरणे जुळत नाहीत असा इशारा वाजत होता. इंजिनिअर 'विमान कलते आहे' म्हणून ओरडला. ज्याच्या समोरचे उपकरण व्यवस्थित चालू होते तो सहवैमानिक मात्र गप्प राहिला. मिनिटाच्या आत विमान जमिनीवर आपटले आणि चौघेही गेले.

थोरल्यासमोर धाकट्याने तोंड उघडू नये हा कोरियाचा रिवाज, म्हणून असे झाले, असे पुष्कळांनी लिहिले. आम्हाला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. रिवाज तर आजही तोच आहे, पण डिसेंबर १९९९ नंतर या कंपनीच्या विमानाला जीवघेणा अपघात झालेला नाही. बदलला तो कारभार. आणि तो आपणहून बदलला नाही. शांघायनंतर राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी कंपनीच्या घरगुती कारभारावर जाहीर टीका केली. संस्थापक अध्यक्षपदावरून उतरले, पण त्यांच्या जागी मुलगाच आला. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने तिकिटांची भागीदारी थांबवली, म्हणजे थेट गल्ल्याला हात लागला. पुढे २००० मध्ये डेल्टामधलेच डेव्हिड ग्रीनबर्ग यांना उड्डाण विभागाचे प्रमुख म्हणून आणण्यात आले. वैमानिकांना इंग्रजी पक्की करणे भाग पडले. प्रशिक्षण बाहेरच्या जाणकारांकडे सोपवले गेले. कॅप्टनची चूक दिसताच ती बोलून दाखवणे हे सहवैमानिकाचे कामच आहे, आगाऊपणा नव्हे, हे सरावात घोटून घेतले गेले.

आज जगभर याला सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ पासून त्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट लागू केले. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याआधी २०१० मध्येच त्याचे नियम काढले होते. नाव भारदस्त असले तरी कामे चारच आहेत: धोरण ठरवून जबाबदारी नेमणे, धोका आधीच शोधून त्याचे वजन करणे, केलेला उपाय चालतो का ते तपासत राहणे, आणि सर्वांना शिकवणे. धोक्याचे वजन म्हणजे तो किती वेळा घडू शकतो आणि घडला तर किती हानी होईल, हे दोन्ही एकत्र पाहणे. रोज घडणारी किरकोळ गोष्ट आणि क्वचित घडणारी सर्वनाशी गोष्ट यांना एका मापाने मोजता येत नाही. तपासणीसाठी उड्डाणांच्या नोंदी उघडून पाहतात. अपघात झाला नाही तरीही पाहतात, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे.

जबाबदारीबाबतचा नियम आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो जबाबदार माणूस सुरक्षा खात्याचा अधिकारी नव्हे. खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तोच नावानिशी जबाबदार. वैमानिकांना विश्रांती द्यायची तर जास्त वैमानिक ठेवावे लागतात, सुटे भाग वेळेवर बदलायचे तर ते गोदामात असावे लागतात. हे पैशाचे निर्णय आहेत. त्यांचे खापर मुनीमजींवर फोडता येऊ नये, म्हणून हा नियम.

पण या साऱ्याचा जीव आहे खबर देण्यात. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ जण मेले. नकाशा आणि कंट्रोलरची सूचना यांचा अर्थ लावण्यात गफलत झाली होती. चौकशीत कळले, की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, त्याच गफलतीने थोडक्यात वाचले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले. दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ती खबर पोहोचली नाही. यातूनच १९७६ मध्ये तिथे खबर गोळा करणारी व्यवस्था निघाली, आणि ती नियम करणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासा या संशोधन संस्थेकडे दिली. कारण साधे आहे: जो दंड करतो त्याच्याकडे कोणी आपली चूक कबूल करत नाही. चूक नकळत झाली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर दंड माफ. नाव काढून टाकतात, खबर सर्वांना देतात.

याचा अर्थ सर्व काही माफ असा नाही. दारू पिऊन येणारा किंवा जाणूनबुजून नियम मोडणारा त्यात बसत नाही. ही रेघ कुठे ओढायची, यावर कंपन्यांत आजही वाद होतात. आमच्या मते रेघ थोडी चुकली तरी चालेल, पण ती आधीच सर्वांना सांगितलेली असावी. आपल्याकडे पॉवर प्रेसवर कोणाचे बोट जाता जाता वाचले, तर कारागीर ते शेठला सांगतो का? सांगितले तर 'लक्ष कुठे होते तुझे' हेच पहिले ऐकावे लागते. मग पुढच्या वेळी तो सांगत नाही, आणि शेठला कळते ते थेट दवाखान्यातून.

आपल्या देशातला दाखला मंगळूरचा आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान तिथल्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून घसरून दरीत गेले. १६६ पैकी आठच वाचले. वाटेत कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपला होता. विमान फार उंचावरून येत होते आणि निम्म्याहून अधिक धावपट्टी संपल्यावर चाके टेकली. सहवैमानिकाने 'पुन्हा वर चला' असे वारंवार म्हटले होते. म्हणजे इथे धाकटा बोलला, पण ऐकले गेले नाही. चौकशीने नमूद केले, की अशा वेळी सहवैमानिकाने स्वतः विमान वर न्यावे की नाही, याबाबतच्या सूचना संदिग्ध होत्या. बोलण्याची मुभा आहे, पण पुढे काय करायचे ते लिहिलेले नाही, अशी व्यवस्था अर्धीच असते.

कोरियन एअरचा कारभार सुधारला, तरी मालकांचे घर किती सुधारले हा प्रश्न राहिला. ५ डिसेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या त्यांच्या विमानात अध्यक्षांची मुलगी बसली होती. ती स्वतः कंपनीची उपाध्यक्ष होती. बदामासारखा मॅकाडेमिया नावाचा मेवा तिला बशीत न देता पुडीत दिला, एवढ्यावरून ती भडकली आणि धावपट्टीकडे निघालेले विमान परत दारापाशी न्यायला लावून तिने केबिन प्रमुखाला उतरवले. मालकाच्या मुलीपुढे कॉकपिटही वळले. पुढे खटला झाला, तिला शिक्षा झाली, आणि पुरावा दडपल्याबद्दल कंपनीच्या एका अधिकाऱ्यालाही झाली. त्या केबिन प्रमुखाने नंतर जाहीरपणे सांगितले, की चौकशीत खोटे बोलावे म्हणून कंपनीतूनच त्याच्यावर दबाव आणला गेला होता.