पोटाचा आकार आणि बाळाचें वजन

घरांत गर्भिणी असली कीं साऱ्यांचें लक्ष तिच्या पोटाकडे असतें. डोहाळजेवणाचा समारंभ असो, कीं नळावरची ओझरती भेट असो, पाहणारी प्रत्येक स्त्री कांहींना कांहीं निदान करून मोकळी होते. पोट लहान दिसलें तर "बाळ पोसत नाहीं वाटतें" असें म्हणावयाचें, आणि मोठें दिसलें तर "एवढ्याशा जिवाला हें कसें पेलणार" म्हणून हळहळावयाचें! बोलणारीच्या मनांत वाईट नसतें. परंतु ऐकणारीला त्या शब्दांचा घोर लागतो. यापेक्षांहि मोठी हानि अशी कीं, पोट मोठें दिसतें म्हणून बाळंतपण जड जाईल या भयानें कित्येक घरीं तिच्या पानांतला घासच कमी केला जातो. म्हणून पोटाचा आकार आणि बाळाचें वजन यांचा संबंध खरोखर किती, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

मुळांत डोळ्यांना जें दिसतें तें केवळ बाळ नव्हे. तें बाळाभोवतींचें सारें बिऱ्हाड होय. गर्भधारणेपूर्वीं गर्भाशयाचें वजन अवघें साठसत्तर ग्रॅम असतें. दिवस भरतांना तें सुमारें एक किलोवर जातें. बाळाला आईच्या रक्तांतून पोषण पोंचविणारी वार सुमारें अर्धा किलो भरते. बाळ ज्या पाण्यांत तरंगतें तें गर्भजल नवव्या महिन्याच्या सुमारास पाऊण ते एक लिटर असतें. त्यांवर आईच्या पोटाचे स्नायु आणि त्वचेखालील चरबी यांचें आवरण. यांपैकीं प्रत्येक गोष्ट बाईगणिक वेगळी. उंच स्त्रीचें धड लांब, म्हणून गर्भाशयाला वर सरकावयास जागा मिळते आणि पोट बेताचें दिसतें. ठेंगण्या स्त्रीच्या पोटाला पुढें येण्यावांचून गत्यंतर नसतें. पहिलटकरणीचे स्नायु घट्ट असतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ते सैल पडल्यानें पोट लौकर दिसूं लागतें. बाळ आडवें असेल तर पोट रुंद दिसतें. शेवटच्या कांहीं आठवड्यांत, विशेषतः पहिल्या खेपेस, बाळाचें डोकें कटिरांत उतरतें आणि पोट लहान झाल्याचा भास होतो. वस्तुतः बाळ त्याच दिवसांत झपाट्यानें वाढत असतें. तेव्हां सारख्याच दिवसांच्या दोन गर्भिणी शेजारीं शेजारीं बसल्या आणि एकीचें पोट दुसरीच्या दीडपट दिसलें, तरी दोघींचीं बाळें सारख्याच वजनाचीं असूं शकतात.

मग पोटावरून कांहींच कळत नाहीं काय? कळतें, पण तें नुसत्या नजरेला नव्हे, तर मोजपट्टीला. ओटीपोटाच्या खालच्या टोकाला जें हाड हाताला लागतें, तेथपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतची उंची सुईण किंवा डॉक्टर पट्टीनें मोजतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास हा माथा बेंबीपाशीं येतो. आणि चोविसाव्या आठवड्यापासून पुढें, जितके आठवडे तितके सेंटिमीटर, असा स्थूल हिशेब बसतो. एकाद्या दिवशीं आंकडा दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. महत्त्व आहे तें वाढीच्या गतीला. तोच हात, तीच पट्टी, आणि दर खेपेची नोंद एका कागदावर, एवढें असलें म्हणजे वाढ थांबली कीं चालू आहे हें उमगतें. आंकडा अपेक्षेहून बराच मागें राहिला किंवा पुढें गेला, तर सोनोग्राफीनें पाहतात. परंतु तें यंत्रहि अंदाजच सांगतें. त्यांत शेंकडा दहा-पंधरांची चूक सहज होऊं शकते. म्हणजे तीन किलोच्या बाळाच्या बाबतींत तीनचारशें ग्रॅमांचा फरक. यंत्राचीच ही कथा, तर नळावरच्या नजरेचें काय सांगावें?

आतां बाळाचें वजन ठरतें कशानें, हा खरा प्रश्न. पहिलें कारण काळ हें होय. अठ्ठाविसाव्या आठवड्यांत गर्भ सुमारें एक किलोचा असतो. चाळिसाव्या आठवड्यांत तो तीन किलोंच्या आसपास जातो. म्हणजे दोनतृतीयांश वजन शेवटच्या बारा आठवड्यांत येतें. म्हणून जें मूल महिनाभर आधीं जन्मतें तें लहान असावयाचेंच. शिवाय पहिलें अपत्य पुढील भावंडांपेक्षां थोडें हलकें असतें, मुलगे मुलींपेक्षां सरासरीनें शंभरएक ग्रॅमांनीं जड असतात, आणि जुळ्यांना एकच घर वांटून घ्यावें लागतें. हे भेद निसर्गाचे. त्यांत कोणाचा दोष नाहीं.

दुसरें कारण आईची स्वतःची अंगलट. केंब्रिजच्या वॉल्टन व हॅमंड या संशोधकांनीं १९३८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. शायर ही ओझें ओढणाऱ्या थोराड घोड्यांची जात, आणि शेटलंड ही बुटक्या तट्टांची. त्यांनीं कृत्रिम रेतनानें दोन्ही प्रकारचे संकर घडवून आणिले: एकदां आई शायर आणि बाप शेटलंड, तर एकदां बाप शायर आणि आई शेटलंड. रक्त दोन्हीकडे निम्मे-निम्मेच. परंतु शायर आईच्या पोटीं आलेलें शिंगरूं शेटलंड आईच्या शिंगरापेक्षां जन्मतः सुमारें तिप्पट जड भरलें. बापाकडून कांहींहि येवो, आईच्या शरीरांत जागा व पोषण जेवढें, तेवढीच गर्भाची मजल, असा याचा अर्थ. माणसांतहि आईची उंची व गर्भधारणेपूर्वींचें वजन यांचा बाळाच्या वजनाशीं निकटचा संबंध आढळतो. आणि आईची उंची तरी कशानें ठरते? पुष्कळशी तिच्या स्वतःच्या बालपणींच्या अन्नानें. आज मुलीच्या ताटांत जें कमी वाढलें जातें, त्याची वजाबाकी वीस वर्षांनीं नातवंडाच्या वजनांत दिसते.

तिसरें कारण अन्न. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, जर्मनांच्या ताब्यांतील पश्चिम हॉलंडमध्यें भीषण उपासमार झाली. दररोजचें रेशन माणशीं हजार कॅलरींच्या खालीं गेलें. ज्या गर्भिणींचे शेवटचे तीन महिने त्या दुष्काळांत गेले, त्यांचीं बाळें सुमारें तीनशें ग्रॅमांनीं हलकीं जन्मलीं. उलट ज्यांना प्रारंभींचे महिने उपाशी काढावे लागले परंतु अखेरीस पोटभर अन्न मिळालें, त्यांच्या बाळांचें वजन जवळजवळ नेहमींसारखें भरलें. शेवटच्या तिमाहींतील घासाची किंमत यावरून कळते. मात्र वजन सुधारलें म्हणजे सारें निभावलें असें नव्हे. प्रारंभींच्या उपासमारीच्या खुणा त्या मुलांच्या आरोग्यांत पुढें प्रौढपणीं दिसून आल्या.

हॉलंडची ती आपत्ति युद्धाची होती. महाराष्ट्रांतील रोजच्या जीवनाचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानें घेतला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वींपासून पाहणी केली. या स्त्रिया शेतांत राबणाऱ्या. सरासरी उंची सुमारें १५२ सेंटिमीटर आणि वजन सुमारें ४२ किलो. त्यांचीं पूर्ण दिवसांचीं बाळें सरासरीनें २.७ किलोंच्या जवळपास भरलीं. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं बाळें ३.५ किलोंच्या आसपास होतीं. या पाहणींत एक लक्षणीय गोष्ट निघाली. नुसत्या भाकरी-भाताच्या एकूण प्रमाणापेक्षां हिरव्या पालेभाज्या, फळें आणि दूध ज्यांच्या आहारांत अधिक वेळां होतीं, त्यांचीं बाळें अधिक भरदार निघालीं. ज्यांच्या वांट्याला कष्ट अधिक, त्यांचीं बाळें लहान होतीं. आणि आणखी एक नवल असें कीं, हीं बाळें वजनानें हलकीं असूनहि त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानें घटलेली नव्हती. कमी होते ते स्नायु. म्हणजे तराजूवरचा आंकडा हाहि सारी कथा सांगत नाहीं.

मग पालेभाजी, फळें व दूध केव्हांपासून द्यावें? मुंबईच्या गरीब वस्त्यांतील स्त्रियांना याच पदार्थांचा रोजचा खाऊ गर्भधारणेच्या आधींपासून देऊन पाहण्यांत आला. त्याचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. सरसकट पाहतां बाळांच्या वजनांत फारसा फरक दिसला नाहीं. परंतु ज्यांनीं दिवस राहण्यापूर्वीं तीन महिने तरी तो खाल्ला होता, त्यांचीं बाळें सुमारें पन्नास ग्रॅमांनीं जड भरलीं. लाभ लहान असला तरी त्यांतील सूचना मोठी आहे: तयारी पोट दिसूं लागल्यावर नव्हे, त्याच्या आधींच व्हावयास हवी.

चौथें कारण आजार व व्यसन. अंगांत रक्त कमी असणें, हिंवताप, वाढलेला रक्तदाब, यांनीं गर्भाची वाढ खुंटते. तंबाखूची गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडील पुष्कळ स्त्रिया दांतांना मिश्री लावतात आणि ती तंबाखू आहे हें त्यांच्या ध्यानींहि येत नाहीं. मुंबईंतील बाराशेंहून अधिक गर्भिणींच्या पाहणींत, जी २००४ सालीं प्रसिद्ध झाली, मिश्री किंवा तत्सम तंबाखू वापरणाऱ्यांचीं बाळें सरासरीनें शंभर ग्रॅमांनीं हलकीं आढळलीं. चिमूटभर मिश्रीची ही किंमत बाळाला भरावी लागते.

इतकें ऐकल्यावर बाळ जितकें जड तितकें बरें, असें कोणास वाटेल; तेंहि खरें नव्हे. आईच्या रक्तांत साखर वाढली म्हणजे बाळ प्रमाणाबाहेर मोठें होतें, प्रसूति अडते, आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकाएकीं उतरण्याची भीति असते. म्हणून गर्भारपणीं साखरेची तपासणी आवश्यक मानतात. मात्र याचा अर्थ गर्भिणीला अर्धपोटी ठेवावें असा मुळींच नव्हे. कमी खाऊं घालून बाळ लहान ठेवावें आणि सुटका सुलभ करावी, ही समजूत घातक आहे. अडीच किलोंच्या आंतील बाळाला जंतुदोष, थंडी व श्वासाचा त्रास यांचा धोका फार. आणि अशक्त आईला बाळंतपणांतील रक्तस्राव सोसवत नाहीं. ज्या सुलभतेसाठीं घास काढून घ्यावयाचा, तिच्या नांवानें दोन जीव संकटांत पडतात.

तात्पर्य, घरच्या वडीलधाऱ्यांनीं लक्ष द्यावयाचें तें पोटाच्या घेराकडे नव्हे. तिच्या ताटांत रोज पालेभाजी, डाळ, दूध आणि ऋतूंतलें फळ आहे ना. ती सर्वांच्या मागून उरलेलें तर जेवत नाहीं ना. दुपारीं तिला घटकाभर आडवें होतां येतें ना. लोहाच्या गोळ्या नेमानें चालू आहेत ना. आणि दर तपासणीला वजन, रक्तदाब व गर्भाशयाची उंची यांची नोंद होते ना, हें पाहावें. बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलें, डोकें फार दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली किंवा तोंडावर सूज आली, तर क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

आणि इतकें करूनहि बाळ लहानच जन्मलें तर? तर त्याला आईच्या उघड्या छातीशीं धरून वरून पांघरूण घालावें, आईचेंच दूध द्यावें, आणि डॉक्टरांच्या नजरेखालीं त्याचें वजन पाहत राहावें. कोलंबिया देशांतील बोगोटा शहरांत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही रीत रुग्णालयांतून प्रचारांत आली, आणि अशा असंख्य इवल्या जिवांना तिनें तारलें आहे. लहान बाळाच्या आईला दूषण देण्यानें तें वाढत नाहीं. तें वाढतें उबेनें आणि दुधानें. त्या दुधासाठीं आईचें ताट मात्र बाळंतपणानंतरहि भरलेलें असावें लागतें.