वर्गसंघर्ष
वर्गसंघर्ष : उत्पादनसाधनांवर स्वामित्व असलेला वर्ग आणि ते नसल्यामुळे त्याच्यासाठी राबणारा वर्ग यांच्या हितविरोधातून उद्‌भवणारा आर्थिक व राजकीय झगडा. कार्ल मार्क्स (१८१८–८३) व फ्रीड्रिख एंगेल्स (१८२०–९५) यांनी १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात या कल्पनेस इतिहासाच्या उपपत्तीचे स्थान दिले. तथापि वर्गांचा शोध मार्क्सने लावला, हा रूढ समज बरोबर नाही. गीझोसारख्या फ्रेंच इतिहासकारांनी वर्गांचे झगडे आधीच वर्णिले होते आणि मार्क्सनेही १८५२ मधील एका पत्रात या शोधाचे श्रेय नाकारले आहे. वर्ग हे उत्पादनाच्या विशिष्ट ऐतिहासिक अवस्थांशी निगडित असतात. संघर्षाची परिणती श्रमजीवी वर्गाच्या अधिसत्तेत होते आणि ही अधिसत्ता वर्गविहीन समाजाकडे नेणारी केवळ संक्रमणावस्था होय, एवढेच त्याने आपले म्हणून सांगितले. पुढे रशियादी देशांत ही ‘संक्रमणावस्था’ पक्षाच्या दीर्घ एकाधिकारात स्थिरावली.

वर्ग म्हणजे नेमके काय, हे मात्र मार्क्सने कोठेच पूर्णपणे मांडले नाही. भांडवल या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील (१८९४) वर्गविषयक प्रकरण मजूर, भांडवलदार व जमीनमालक अशा तीन वर्गांचा निर्देश करून मध्येच तुटते. उत्पन्नाचा उगम हाच निकष मानला, तर वैद्य व अधिकारी हेही निराळे वर्ग ठरतील, या शंकेशी हस्तलिखित थांबले आहे. समान आर्थिक स्थितीतून समान जाणीव आपोआप निर्माण होते काय, हा वाद त्यामुळे उत्तराधिकाऱ्यांकडे आला. कामगारांची स्वयंस्फूर्त जाणीव कामगार संघटनेच्या मागण्यांपलीकडे जात नाही, असे लेनिनने १९०२ मध्ये प्रतिपादिले. त्यातूनच शिस्तबद्ध पक्षाची कल्पना पुढे आली.

भारतात हा प्रश्न जातीमुळे अधिक बिकट झाला. १९२८ मध्ये मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी साम्यवादी नेतृत्वाखाली सहा महिने संप केला. परंतु विणकाम खात्यात धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना त्या अधिक मजुरीच्या कामावर येऊ देत नसत. भांडवलदाराविरुद्ध एकत्र उभे राहणारे कामगार आपापसांत मात्र विटाळ पाळत होते. जातिसंस्थेने श्रमिकांचीच उतरंड रचली आहे, असा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा आक्षेप होता (१९३६). तरीही औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी एकत्र आले होते.