उन्हाच्या मुलखातील उपवन

बाग म्हटली की बहुतेकांच्या मनापुढे एकच चित्र उभे राहते. मध्यभागी कातरलेली हिरवळ, कडेने गुलाबांचे ताटवे, मेंदीचे सरळ कुंपण आणि सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभा असलेला माळी. हे चित्र मोहक आहे, यात शंका नाही. परंतु ते ज्या देशांतून आपल्याकडे आले, तेथे वर्षाचे बाराही महिने थोडाथोडा पाऊस पडत असतो आणि सूर्य फारसा तापत नाही. आपल्या देशाच्या फार मोठ्या भागाची स्थिती अगदी निराळी आहे. राजस्थान, कच्छ, मराठवाडा, उत्तर कर्नाटक, रायलसीमा या प्रदेशांत वर्षातील आठ-नऊ महिने कोरडे जातात. चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि कित्येक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी हिरवळ राखणे म्हणजे माणसांच्या वाट्याचे पाणी गवताला पाजणे होय.

मग या मुलखात राहणाऱ्यांनी बागेची हौस धरूच नये काय? अवश्य धरावी. मात्र बागेची कल्पना तेवढी बदलावी लागते. ती कशी बदलता येते आणि बदलल्यावर काय साधते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्या देशातच, थरच्या वाळवंटाच्या उंबरठ्यावर, पाहावयास मिळते.

जोधपूरचा कातळ

राव जोधा यांनी १४५९ साली जोधपूर वसविले आणि शहराच्या उशाशी असलेल्या उंच कड्यावर मेहरानगढ हा किल्ला उभारण्यास प्रारंभ केला. या किल्ल्याच्या पायथ्याशी पसरलेला खडक ज्वालामुखीपासून बनलेला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला रायोलाइट म्हणतात, व त्याचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे असल्याचे सांगतात. तो इतका कठीण आहे की साध्या कुदळीचे त्यापुढे काही चालत नाही. त्यावर मातीचा थर नावापुरताच. पाऊस वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक आषाढ ते भाद्रपद या काळातच. उन्हाळ्यात पारा कित्येकदा ४५ अंशांवर जातो. शहराला पिण्याचे पाणीदेखील आज कालव्यातून, शेकडो किलोमीटरांवरून आणावे लागते.

अशा या उजाड कातळावर, सुमारे ७० हेक्टर म्हणजे पावणेदोनशे एकरांच्या जागेत, २००६ साली एक उपवन उभारण्याचे काम सुरू झाले. किल्ल्याची व्यवस्था पाहणाऱ्या मेहरानगढ म्युझियम ट्रस्टने हे काम श्री. प्रदीप कृष्ण यांच्याकडे सोपविले. श्री. कृष्ण हे मूळचे चित्रपट-दिग्दर्शक. पुढे वृक्षांच्या अभ्यासाकडे वळले आणि दिल्लीच्या वृक्षांवरील त्यांचा ग्रंथ सर्वत्र वाखाणला गेला. पाच वर्षांच्या परिश्रमांनंतर, २०११ साली, ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’ या नावाने हे उपवन लोकांसाठी खुले झाले.

येथे हिरवळ नाही, कारंजी नाहीत, ताटवेही नाहीत. तरीही पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत तेथे फिरणाऱ्यास आपण एका समृद्ध बागेत आहोत याविषयी शंका राहत नाही. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

सदिच्छेने लावलेले संकट

प्रथम या जागेवर काय उगवले होते ते पाहू. सर्वत्र एकच झाड माजले होते. मारवाडात त्याला ‘बावळिया’ म्हणतात, गुजरातेत ‘गांडो बावळ’. आपण महाराष्ट्रात त्याला वेडी बाभूळ म्हणतो. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. मारवाडचे वाळवंट हिरवे व्हावे, लोकांना सरपण मिळावे, या सद्हेतूनेच ते येथे आणले गेले. १९३० नंतरच्या दशकात जोधपूर संस्थानात त्याचे बी विमानातून पेरले गेले, असे सांगतात.

झाडाने आपले काम चोख केले. किंबहुना नको तितके केले. त्याच्या गोड शेंगा शेळ्या आवडीने खातात आणि लेंड्यांवाटे बी दूरवर नेतात; कडवट पाल्याला मात्र त्या सहसा तोंड लावत नाहीत. त्याच्या सावलीत इतर रोपटी तग धरू शकत नाहीत. वरून तोडले तर बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटवे फुटतात. हळूहळू स्थानिक झाडेझुडपे मागे हटली आणि माळ हिरवा दिसू लागला खरा, पण त्या हिरवेपणात विविधता उरली नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या झाडाने असंख्य गरीब घरांतील चुली पेटत्या ठेवल्या आहेत. म्हणून ते जेथे तेथे दिसेल तेथे उपटून टाकावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोठलेही झाड लावताना ‘ते लवकर वाढते काय?’ एवढाच प्रश्न विचारणे पुरेसे नसते, हा धडा त्याने आपल्याला दिला आहे.

खांडवालियांची विद्या

वेडी बाभूळ कायमची काढावयाची तर जमिनीखालचा तिचा गड्डा, जेथून फुटवे फुटतात तो भाग, मुळासकट निघाला पाहिजे. मातीत हे जमते. पण कातळाच्या भेगेत घट्ट रुतलेले मूळ काढावे कसे? सुरुंग लावावेत तर शेजारी साडेपाचशे वर्षांचा किल्ला उभा. अखेर मदतीस आले ते जोधपूरचे खांडवालिया. पिढ्यान्‌पिढ्या खाणींतून दगड काढणारे हे कारागीर. ते खडकावर हातोडा ठोकतात आणि उमटणाऱ्या नादावरून आतील भेग कोठे आहे, कोणत्या अंगाने गेली आहे, हे ओळखतात. त्यानंतर हातोडा आणि छिन्नी एवढ्याच साधनांनी नेमक्या जागी घाव घालून ते खडक उकलतात.

या कामातून एक उपयुक्त गोष्ट ध्यानी आली. वेडी बाभूळ ज्या ठिकाणी रुजली होती, त्या ठिकाणी खडकाला भेग होती हे उघड आहे. म्हणजे मुळांना खोल उतरण्यास आणि पावसाचे पाणी मुरण्यास जागा होती. तेव्हा जेथून ती काढली, त्याच खड्ड्यात नवे रोप लावणे सर्वांत श्रेयस्कर. अशा रीतीने जुन्या झाडानेच नव्या झाडाची जागा दाखवून दिली.

माहेरची माणसे

खड्डे तयार झाले; आता झाडे कोणती लावावयाची? येथे या उपवनाचा खरा मर्मबिंदू आहे. दुरून शोभिवंत झाडे आणण्याऐवजी, थरच्या खडकाळ भागांत जी आपणहून जगतात त्यांचाच शोध घेण्यात आला. वाळवंटातील झाड असले म्हणजे झाले, असेही नव्हे. फोगासारखे झुडूप वाळूच्या टेकड्यांवर सुखाने वाढते, कातळावर नाही. ज्या झाडांना खडकाचीच सवय आहे, त्यांचे बी जमवून रोपवाटिकेत त्यांची रोपे करण्यात आली.

त्यांतील काहींची ओळख करून घेऊ. थोर हा आपल्या निवडुंगाचा भाऊबंद. उन्हाळ्यात निष्पर्ण, पण त्याच्या काटेरी जाळीत इतर रोपटी शेळ्यांच्या तोंडापासून सुरक्षित राहतात. कुमठ या काटेरी झाडापासून अस्सल डिंक मिळतो. कैर, म्हणजे आपली नेपती, हिला पाने जवळजवळ नसतातच, तरी भर उन्हात ती तांबड्या फुलांनी बहरते. तिची फळे, कुमठाचे बी आणि खेजडीच्या सांगऱ्या यांवाचून मारवाडातील ‘पंचकुटा’ ही प्रसिद्ध भाजी होतच नाही. गुग्गुळ वर्षाचा बराच काळ काटक्यांच्या जुडग्यासारखा दिसतो. औषधी राळेसाठी त्याची इतकी लूट झाली आहे की आज तो दुर्मीळ होऊ लागला आहे. राजस्थानचे राज्यपुष्प म्हणून मान मिळालेला रोहिडा वसंतात पिवळ्या-केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसतो.

या सर्वांचा एक समान गुण आहे. पाणी नसताना ती जगण्याचा खर्च कमी करतात. कोणी पाने गाळते, कोणी ती इवलीशी ठेवते, कोणी देठांतच पाणी साठवते. पाऊस आला की हीच मंडळी चार दिवसांत रूप पालटतात. म्हणून या बागेचा सोहळा वर्षभर सारखा नसतो. उन्हाळ्यातील पिंगट, स्तब्ध रूप हेही तिचे खरे रूपच आहे. ते पाहून ‘बाग वाळली’ असे म्हणणाऱ्याने, शेतकरी शिवाराकडे कसा पाहतो ते आठवावे. नांगरून पडलेल्या रानाला तो मेलेले म्हणत नाही.

रचना असावी, दिसू नये

अशा बागेला अनौपचारिक म्हणतात. पण अनौपचारिक म्हणजे बेशिस्त नव्हे. झाड कोठे लावावयाचे याचा विचार येथे सरळ रांगेच्या बागेपेक्षा अधिकच करावा लागतो. ओघळीच्या काठी थोडी ओल टिकते, तेथे पाण्याची आवड असणारी झाडे. उघड्या उतारावर सर्वांत काटक. खडकाच्या उत्तरेकडील सावलीत नाजूक झुडपे व गवते. झाडांमधील अंतर मोजपट्टीने सारखे न ठेवता दोन-चारांचे पुंजके करावेत व मध्ये मोकळी जागा सोडावी. कोरड्या मुलखात निसर्गही तसेच करतो, कारण प्रत्येक झाडाला भोवतालच्या मोठ्या पट्ट्यातील ओल हवी असते. पाऊलवाटा जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळत जाव्यात.

आपल्या गावी काय करता येईल?

आपणांपैकी थोड्यांपाशीच पावणेदोनशे एकर असतील. पण शाळेचे आवार, देवस्थानाची जमीन, गृहनिर्माण संस्थेची मोकळी जागा, शेताच्या कडेचा मुरमाड तुकडा, अशी जागा पुष्कळ ठिकाणी पडून असते. पुढील सूचना तेथे उपयोगी पडतील.

पहिले एक वर्ष केवळ निरीक्षणाला द्यावे. पावसाचे पाणी कोठून येते, कोठे थांबते, आपोआप काय उगवते, याची घरातील मुलांकडून नोंद करवून घ्यावी. जवळपासच्या जुन्या देवराईत, ओढ्याकाठी किंवा माळावर कोणती झाडे पाण्यावाचून उभी आहेत, हे गुराख्यांना व वैदूंना विचारावे. त्यांच्याइतके ते कोणास ठाऊक नसते. जोधपूरची यादी सोलापूरला किंवा बळ्ळारीला जशीच्या तशी उचलू नये. दख्खनच्या माळावर हिवर, बोर, हिंगण, तरवड, आपटा, पळस, सालई, नेपती ही आपली माणसे. आणि गवतांत मारवेल व पवना.

उतारावर आडवे, गुडघ्याएवढे दगडी बांध घालावेत, म्हणजे धावणारे पाणी चालू लागते व चालणारे मुरते. दोन-अडीच फूट खोल खड्डे वैशाखात घेऊन उन्हात तापू द्यावेत. पहिला चांगला पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की लावणी करावी. पुरुषभर उंचीच्या झाडाऐवजी वीतभर-हातभर रोप घ्यावे; मोठ्या झाडाची मुळे पिशवीत गुंडाळली गेलेली असतात, लहानाची सरळ खाली जातात. आळ्यावर पालापाचोळा व दगडगोटे पसरावेत, म्हणजे ओल उडत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे दिल्यास मुळे वरच राहतात व झाड आळशी होते. त्यानंतर पाणी हळूहळू तोडावे. तिसऱ्या उन्हाळ्यात झाड आपल्या पायांवर उभे राहिले, तर ते जिंकले असे समजावे. शेळ्यांपासून मात्र पहिली चार-पाच वर्षे राखण केलीच पाहिजे. आणि सर्व जागा एकाच वर्षी हाती घेऊ नये. जेवढी राखता येईल तेवढीच घ्यावी व दरवर्षी पुढे सरकावे.

वाचकहो, अशी बाग सिद्ध होण्यास वेळ लागतो. पहिल्या वर्षी शेजारी हसतील. ‘काटे कशाला लावता?’ असेही विचारतील. पण झुडपे वाढली की पाखरे येतात, पाखरांमागून नवे बी येते, फुलांवर मधमाश्या दिसू लागतात, आणि एके वर्षी पावसाने दगा दिला तरी बाग तरून जाते. त्या वर्षी नळीने वाढविलेली हिरवळ आणि आपले उपवन यांतील भेद कोणास समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या मुलांना आपण जी संपत्ती देऊ इच्छितो, तीत पाणी न मागणारी सावली हीही असू द्या. येत्या वैशाखात निदान दहा खड्डे खणून ठेवा.