मशीन न लावता कीड थोपवता येते

मुलुंड असो की बोरिवली, चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दाढेला कीड लागली की घरात दोन मतं पडतात. आजी म्हणते, दुधाचे दात आहेत, पडणारच. आई दवाखान्याची वेळ घेते आणि तिथे मशीनचा आवाज ऐकताच मूल तोंड घट्ट मिटून घेतं. भारतीय दंत परिषदेच्या 2002-03च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना कीड आढळली होती. म्हणून कोरणं-भरणं टाळून कीड थांबवायचे उपाय महत्त्वाचे ठरतात, आणि त्यातले काही चाचण्यांवर खरे उतरले आहेत.

तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. पीएच साधारण 5.5च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं सुटू लागतात. लाळ ती पुन्हा बसवते. सतत बिस्किटं, रात्री तोंडात दुधाची बाटली असं चाललं की लाळ मागे पडते आणि आधी पांढुरका डाग, मग खड्डा होतो. डागाच्या पायरीवर दात सावरू शकतो.

या दुरुस्तीला फ्लोराइड बळ देतं. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहराने 1945मध्ये नळाच्या पाण्यातच ते मिसळायला सुरुवात केली. मुंबईला विहार, तुळशी, तानसा, भातसा अशा तलावांचं पावसाचं पाणी मिळतं, आणि अशा पाण्यात फ्लोराइड साधारणपणे कमीच असतं. उलट यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात ते इतकं जास्त की दात डागाळतात, हाडं दुखतात. पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा एकच नियम राज्यभर लावता येत नाही, तो यामुळेच. उपनगरातल्या मुलासाठी फ्लोराइडची टूथपेस्ट हाच सोपा मार्ग.

घरगुती उपायांचं काय? लवंगेच्या तेलातलं युजेनॉल ठणका बधिर करतं, कीड थांबवत नाही. कडुनिंबाची काडी दात घासते, हा तिचा मोठा गुण. तिळाच्या तेलाच्या गुळण्यांच्या चाचण्या तमिळनाडूत झाल्या. जिवाणू घटलेले दिसले, पण त्या थोड्या जणांवर, थोड्या दिवसांच्या होत्या. जिवाणू मोजणं वेगळं आणि दोन वर्षांनी खड्डा वाढला की थांबला हे पाहणं वेगळं. मिशेरीचा मात्र विचारही नको: ती भाजलेली तंबाखू आहे, आणि तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. फिनलंडमधल्या तुर्कूच्या अभ्यासांमुळे 1970च्या दशकात झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरायचं गोड द्रव्य गाजलं. पुढच्या आढाव्यांत त्याचा पुरावा तोकडा ठरला.

खड्डा पडल्यावरही चालणारा आणि चाचण्यांत टिकलेला उपाय जपानचा आहे. सिल्व्हर डायमिन फ्लोराइड तिथे 1970च्या सुमारास बाजारात आलं. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड मऊ झालेला भाग कडक करतं. दात कोरडा करून बारीक ब्रशने थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचं. ना सुई, ना मशीन. क्युबातल्या शाळकरी मुलांवर दर सहा महिन्यांनी लावून तीन वर्षं पाहिलं गेलं, हाँगकाँगच्या संशोधकांनी बालवाड्यांत पाहिलं. सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या तर 38 टक्के द्रावणाने दुधाच्या दातांतली सुमारे 80 टक्के कीड थांबते. न्यूयॉर्कच्या शाळांतल्या हजारो मुलांवरच्या, 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा साधा उपाय सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा लेप) आणि सिमेंट भरण्याच्या तोडीस तोड ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

मुख्य अडचण एकच, पण ठळक: किडका भाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दातांसाठी पालक कचरतात, ते समजण्यासारखं आहे. मागच्या दाढा मात्र वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायच्या असतात. तिथे काळ्या रंगाचं दुःख करण्यात अर्थ नाही. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचून दात रात्री ठणकत असेल तर हा उपाय चालत नाही. चांदीची अॅलर्जी असलेल्यांनाही नाही.

स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांची रीत आणखी धीट. त्यांनी न कोरता, न बधिर करता किडक्या दाढेवर स्टीलची टोपी बसवली. आत कोंडलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही आणि कीड थंडावते. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात या टोप्या नेहमीच्या भरण्यापेक्षा सरस ठरल्या.

मुंबई महापालिकेकडे शाळा आहेत आणि 1933पासूनचं नायर दंत महाविद्यालयही आहे. अंधेरी-घाटकोपरच्या पालिका शाळांत वर्षातून दोनदा चांदीच्या फ्लोराइडचं द्रावण लावून, प्रत्येक दाताची नोंद ठेवणं पालिकेने हाती घ्यावं. आणि पालकांनी दुधाचा दात उपटायला किंवा कोरायला होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारावं: हा दात चांदीच्या फ्लोराइडने थांबेल का?