पाचट पेटवलं की नेमकं काय जळतं? एकरी एक गोणी युरिया!

ऊस तुटून गेला की चार दिवसांत फड पेटतो. तोडणीच्या दिवसांत वाळवा, पलूस भागात संध्याकाळी रस्त्यानं निघालात, तर कुठं ना कुठं धूर दिसणारच. रान मोकळं झालं म्हणून आपण निवांत होतो. पण त्या रानातून काय गेलं, याचा हिशेब एकदा मांडून बघू.

एकरी साधारण तीन ते चार टन वाळलेलं पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र असतं. चार टन धरले तर २० किलो नत्र झालं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीतही जवळपास एवढंच नत्र असतं. जळताना यातलं बहुतेक नत्र वायू होऊन उडून जातं, राखेत फारसं उरत नाही. स्फुरद आणि पालाश मात्र बऱ्यापैकी राखेत राहतं. त्यामुळं "राख पण खतच की" म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत. पण ती राख वाऱ्यानं बांधापलीकडं जाते, नाहीतर पाण्याबरोबर ओघळीला लागते. आणि देशाला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं परदेशातून येतं, हेही लक्षात ठेवा.

ही अन्नद्रव्यं संपत नाहीत, फिरत राहतात. मुळानं उचललं, पानात गेलं, पान गळलं, बुरशी-जिवाणूंनी कुजवलं, की परत मुळाशी. जंगलात कोण खत टाकायला जात नाही, तरी झाडं वाढतात ती या फेऱ्यावरच.

उसात तर एक गंमत आहे. साखर बनते ती हवेतल्या कर्बातून आणि पाण्यातून. म्हणजे साखरेच्या पोत्यातून मातीतलं नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ काहीच जात नाही. मग उसाच्या ट्रॉलीतून गेलेलं जातं कुठं? स्फुरदाचा मोठा भाग प्रेसमडमध्ये राहतो. पालाश मळीतून डिस्टिलरीच्या सांडपाण्यात उतरतं. वाढे जनावरांच्या पोटातून शेणात येतात. मनात आणलं तर यातलं बरंचसं परत रानात आणता येतं. पाचट तर रानातच पडलेलं असतं, आणायचाही खर्च नाही!

आता शेतकऱ्यांची खरी तक्रार. "पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो." हे खोटं नाही. पाचटात एका भाग नत्रामागं साधारण सत्तर भाग कर्ब असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना एवढा कर्ब पचवायला जास्तीचं नत्र लागतं, ते मातीतून ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. आधी खिशातून घालावं लागतं, हे खरंच. पण ते वाया जात नाही. जिवाणू मेले की त्यांच्या अंगातलं नत्र हळूहळू पिकाला मिळतं.

दुसरी अडचण पाण्याची. सगळ्या सऱ्यांत पाचट दाटलं तर पाणी पुढं सरकत नाही. अशा रानात एक आड एक सरीत पाचट दाबायचं आणि मोकळ्या सरीनं पाणी द्यायचं. ठिबक असेल तर हा प्रश्नच येत नाही. त्याआधी बुडखे जमिनीलगत छाटून घ्या. पाचटाखाली बुडखे झाकले गेले तर फुटवे अडतात आणि दोष मात्र पाचटाला लागतो.

एक सांभाळायचं. पाचट सुकं असतं तोवर शेजारच्या फडातली एक ठिणगीही पुरते. शेजारी पेटवणार असेल तर बांधाकडच्या दोन-तीन सऱ्या मोकळ्या ठेवा, आणि पहिलं पाणी लवकर द्या.